येरवडा कारागृहातल्या आपल्या माणसाला घरची वस्तू कशी द्यायची? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

लेकरांचा फोटो, आजीनं शिवलेली गोधडी, हाताळून मऊ पडलेली ज्ञानेश्वरी. बराकीत अशा एका वस्तूचा आधार मोठा असतो. पण ती आत जायची तर अधीक्षकांची परवानगी हवी. गेटवर विनवण्या करून काही होत नाही, कागद लागतो.

आधी बंदी (कैदी) कच्चा की पक्का ते बघा. कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या (न्यायाधीन) बंद्याला स्वतःचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि गरजेच्या वस्तू बाहेरून घेण्याची मुभा १८९४च्या तुरुंग कायद्याच्या कलम ३१ पासून चालत आली आहे, अर्थात तपासणी करूनच. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्याला कपडे-पांघरूण तुरुंगाचंच. त्याच्यासाठी गोधडीचा हट्ट धरू नका. फोटो, पुस्तक, चष्मा मागा.

अर्ज साध्या कागदावर, ‘मा. अधीक्षक, येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे’ यांच्या नावे, दोन प्रतींत करा. त्यात बंद्याचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक, सर्कल (कारागृहातला विभाग) आणि बराक (माहीत असल्यास), पोलीस ठाणे, गुन्हा किंवा खटला क्रमांक, तुमचं नातं आणि मोबाईल नंबर हवा. वस्तूचं वर्णन नेमकं करा. ‘काही फोटो’ असं मोघम नको. ‘पोस्टकार्ड आकाराचे, फ्रेम नसलेले कुटुंबाचे २ रंगीत फोटो’ असं लिहिलं की तपासणाऱ्याला विचारायला काही उरत नाही. कारण एका ओळीत पुरे. सोबत तुमच्या आधारची प्रत, नात्याचा पुरावा (रेशनकार्ड चालतं) आणि वस्तूचा फोटो जोडा. चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरची नंबर लिहिलेली चिठ्ठी लागेल. एक प्रत आवक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच नसेल तर पुढे तुमच्या हातात काहीच नसतं.

नकार बहुतेक वेळा वस्तूला नसतो, तिच्या घडणीला असतो. काच, धातू, दोरी, बॅटरी आणि जिथे काही लपवता येईल असा जाड भाग, एवढ्यावर झडतीवाल्यांचं लक्ष असतं. म्हणून फोटोची फ्रेम काढा, पुस्तक कागदी बांधणीचं घ्या, स्वेटरच्या टोपीची नाडी ओढून काढा, चष्म्याला प्लास्टिकची फ्रेम बसवा. गोधडी जाड, अनेक थरांची असेल तर ती उसवून बघतील, हे गृहीत धरा. जीव अडकलेली गोधडी असेल तर पातळ, एकेरी पाठवलेली बरी. कारागृहाच्या कॅन्टीनमध्ये मिळणारी वस्तू सहसा बाहेरून घेत नाहीत.

परवानगीआधी पार्सल करू नका. २०२० च्या डिसेंबरात तळोजा कारागृहात एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांच्यासाठी पाठवलेलं चष्म्याचं पार्सल परत आलं आणि मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. तारखेला कोर्टात गुपचूप वस्तू हातात देणं तर त्याहून वाईट. बंदी परत जाताना कारागृहाच्या गेटवर त्याची झडती होते. मनाई असलेली वस्तू आत पोचवणं हा गुन्हा आहे. त्यात देणाराही अडकतो.

उत्तर आलं नाही किंवा तोंडीच ‘नाही’ म्हटलं, तर १० रुपये भरून माहिती अधिकारात अर्जावरचा निर्णय आणि कारण मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. कच्च्या बंद्यासाठी खटला चालू असलेल्या कोर्टात वकिलामार्फत अर्ज करणं अधिक परिणामकारक. पोचची प्रत जोडा. कोर्ट कारागृहाचं म्हणणं मागवतं, आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत कारागृहात द्यावी लागते. त्याच प्रकरणातल्या आरोपी सुधा भारद्वाज यांना २०२१ मध्ये महिन्याला ५ पुस्तकं बाहेरून घ्यायची मुभा विशेष न्यायालयाने दिली होती, अधीक्षकांनी तपासण्याच्या अटीवर. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न लावता मोफत वकील मिळतो.

कारागृहात दाखल होताना अंगावर असलेलं घड्याळ, अंगठी, पाकीट यांची गोष्ट वेगळी. ते जेलरच्या ताब्यात नोंद करून ठेवलेलं असतं. घरी न्यायचं असेल तर बंद्याच्या सहीचा अर्ज लागतो, त्यामुळे मुलाखतीत, म्हणजे भेटीच्या वेळी, त्यालाच आतून अर्ज करायला सांगा. आणि वस्तू आत मिळाली की ती दुसऱ्या बंद्याला देऊ नको, असंही बजावा. तशी देवाणघेवाण कच्च्या बंद्याला चालत नाही आणि बाहेरून वस्तू घेण्याची सवलत जाऊ शकते.