गाडी सिग्नललाच का थरथरते?

‘फाउंडेशन कडक टाका, थरथर जाईल.’ हा सल्ला गॅरेजमध्ये मिळतो, मोबाइलवरच्या व्हिडिओंत मिळतो आणि ऐकताना पटतोही. फाउंडेशन म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधला रबराचा ठोकळा. हलणारी वस्तू घट्ट धरली की हलायची थांबते, असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं. इंजिनाच्या बाबतीत बहुतेक वेळा नेमकं उलटं घडतं.

माझ्या आतेभावाकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ३० ऑक्टोबर २०२३ला पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची हद्दपार झाली, पण घरच्या गाड्या अजून काहींनी जिवापाड जपल्या आहेत. त्याच्या गाडीचं १०८९ सीसीचं मूळ इंजिन पार थकलं होतं. दादरच्या हिंदू कॉलनीत त्याच्या इमारतीमागे गॅरेज आहे. तिथे चेन-पुली टांगून त्याने ते उतरवलं आणि प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं, निसान बनावटीचं ११७१ सीसीचं इंजिन गेअरबॉक्ससकट बसवायला घेतलं. हे इंजिन त्याला कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं. पद्मिनीचा कारखानाही कुर्ल्याचाच! (इंजिन नंबर आरसी बुकात नोंदलेला असतो. म्हणून आधी आरटीओची परवानगी, मग पान्याला हात. हा क्रम त्याने पाळला.)

नव्या इंजिनाचे पाय जुन्या ब्रॅकेटवर बसेनात. त्याने नवीन ब्रॅकेट वेल्ड करून घेतले आणि खाली यंत्रांखाली घालतात तसलं टणक रबर घातलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पण गाडी उभी असताना आरसा इतका थरथरायचा, की मागचं काही दिसेना. दारांच्या काचा वाजायच्या. रेस केलं की सगळं शांत.

“दादा, रबर फार कडक झालंय,” मी म्हणालो.

“अरे, एवढं घट्ट बसवलंय, तरी हलतंय. आणखी सैल करू?”

हो, सैलच करायला हवं होतं. घरी एक प्रयोग करून बघा. तीन-चार रबरबँड एकमेकांत गुंफून त्यांना एक कुलूप टांगा आणि वरचं टोक हातात धरा. हात सावकाश वर-खाली केला तर कुलूप हाताबरोबर जातं. वेग थोडा वाढवला की एका ठरावीक तालाला कुलूप उड्या मारायला लागतं. तो त्या जोडीचा स्वतःचा ताल, शाळेत शिकलेली नैसर्गिक वारंवारता. आता हात आणखी भरभर हलवा. कुलूप जवळजवळ जागच्या जागी राहतं! हात हलतोय, रबर ताणलं जातंय, पण हालचाल पलीकडे पोचतच नाही. गाडीत हलणारी वस्तू इंजिन आणि स्थिर राहायला हवा तो सांगाडा; गणित तेच.

आता आकडे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चार सिलिंडर मिळून दर फेरीला दोन धक्के. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे २७ धक्के झाले. शिवाय दुसरा एक धक्का असतो, तो मला फार आवडतो. दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, तेव्हा वाटतं की हिशोब फिटला. फिटत नाही, कारण कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा, तिरका होतो. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला जास्त जोरात वळतो, खालच्या टोकाला कमी. रॉडची लांबी क्रँकच्या त्रिज्येच्या साडेतीन पट धरली, तर वरच्या आणि खालच्या टोकाच्या जोरांचं प्रमाण साधारण १.२९ आणि ०.७१ असं येतं. उरलेला फरक इंजिनाला वर-खाली हलवतो, तोही दर फेरीला दोनदाच. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

रबराचा ताल मोजायला पट्टी पुरते. इंजिनाच्या वजनाने रबर किती मिलिमीटर दबलं ते बघा, त्याचं वर्गमूळ काढा आणि त्याने १६ला भागा. रबर ०.४ मिलिमीटर दबलं तर ताल सेकंदाला २५. दोन मिलिमीटर दबलं तर ११. (रबर कंप पावताना जरा जास्त कडक वागतं, आणि पेटण्याचे धक्के इंजिनाला आडवं डोलवतात, त्यांचा ताल वेगळा मोजावा लागतो. त्यामुळे हा अंदाजच, पण फार उपयोगी अंदाज.)

धक्क्यांचा वेग तालाच्या १.४१ पट झाला की त्यापुढेच रबर कंप अडवायला लागतं. दादाचं रबर २५चं, धक्के २७. कुलूप उड्या मारतं ती हीच जागा: अडवणं दूर, रबर कंप कित्येक पट वाढवून पुढे पाठवत होतं. रेस करून ३००० फेरे केले की धक्के १०० होतात, तालाच्या चौपट, आणि पलीकडे पंधरावा हिस्सा पोचतो. म्हणून थरथर सिग्नललाच! ११चं रबर असतं तर उभ्या गाडीतही पाचवा हिस्साच पोचला असता.

इंजिन बंद करताना गाडी शेवटी एकदा अंग झाडते, हे तुम्ही अनुभवलं असेल. फेरे कमी होत ३३०च्या आसपास येतात तेव्हा धक्के सेकंदाला ११ असतात, आणि मऊ रबराचा ताल तेवढाच. इंजिन तो ताल ओलांडून जातं, तेवढाच तो झटका.

ही युक्ती जुनी आहे. क्रायसलर कंपनीने १९३१मध्ये प्लिमथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबरावर असं टांगलं, की ते आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती मोकळं डुलू शकेल. पुढे फ्रान्सच्या सिट्रोएननेही ती घेतली.

मधल्या काळात दादाला सल्ले भरपूर मिळाले. कुणी बॉनेटला लिंबू-मिरची बांधायला सांगितलं, कुणी पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक आणून दिलं, ‘जळण सुधारतं, कंप जातो’ म्हणून. लिंबाने रबराचा ताल बदलत नाही आणि चुंबकाने पेट्रोलचं जळण बदलत नाही. असल्या गोष्टींवर घालवलेले पैसे चांगल्या फाउंडेशनवर घालावेत, हे मी कळकळीने सांगतो.

मऊपणालाही मर्यादा आहे. रबर फार मऊ झालं तर जोराच्या ब्रेकला इंजिन पुढे सरकतं आणि पंखा रेडिएटरला लागू शकतो. म्हणून दोन्ही बाजूंची नवी, मऊ रबरं तिरकी, एकमेकांकडे झुकलेली बसवली. तशी रबरं डुलायला मऊ राहतात, सरकायला कमी वाव देतात. इंजिन ठेवल्यावर पट्टी लावली: दोन मिलिमीटरला जरा कमी. आरशात आता मागची बस स्पष्ट दिसते. साठच्या पुढे मागून एक गुणगुण येते, पण ती इंजिनाची नाही, प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या, कोनाची आहे. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा जॅकवर चढवणार आहोत.