‘क्रांतिकारी’ कशाला म्हणावे? निळ्या एलईडीकडे पाहा

‘क्रांतिकारी’ हे विशेषण हल्ली टूथपेस्टपासून मोबाइलच्या नव्या मॉडेलपर्यंत कशालाही लावले जाते. ‘क्वांटम ऊर्जा’ देणाऱ्या लॉकेटांच्या जाहिरातींत तर ते कसल्याही पुराव्याविना वापरून लोकांची फसवणूक होते. विज्ञानात हा शब्द जपून वापरायला हवा. जाणकारांनी जवळपास सोडून दिलेली वाट कुणी मोकळी केली आणि मागून इतरांनाही तिच्यावरून जाता आले, तरच तो शोभतो. निळा एलईडी हे त्याचे अस्सल उदाहरण आहे.

डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी १९६२ मध्ये तयार झाला, परंतु पांढऱ्या प्रकाशासाठी लागणारा तेजस्वी निळा एलईडी पुढची तीस वर्षे हाती लागला नाही. त्यासाठी गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक योग्य होता, पण त्याचे निर्दोष स्फटिक वाढत नसत. जपानमधील नागोया विद्यापीठातील इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी नीलमण्याच्या चकतीवर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन १९८६ मध्ये ही अडचण दूर केली.

खरी मेख पुढे होती. एलईडीमध्ये एका बाजूला जास्तीचे इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे ‘होल’, असाव्या लागतात. दोन्ही एकत्र आले की प्रकाश बाहेर पडतो. होल निर्माण करण्यासाठी गॅलियमच्या काही अणूंच्या जागी बाह्य कक्षेत एक इलेक्ट्रॉन कमी असलेले मॅग्नेशियम बसवतात, पण तसे करूनही होल मिळत नव्हते. १९८९ मध्ये अकासाकी आणि अमानो यांनी अशा थरावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा तो थर अपेक्षेप्रमाणे वागू लागला. असे का घडते, याचा उलगडा निचिया या जपानी कंपनीतील शुजी नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केला. स्फटिक वाढवताना नायट्रोजनसाठी अमोनिया वायू वापरतात. त्यातला हायड्रोजन स्फटिकात शिरून मॅग्नेशियमला निष्प्रभ करतो. नायट्रोजनच्या वातावरणात सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की हायड्रोजन सुटतो आणि होल मोकळे होतात. तोच नमुना पुन्हा अमोनियात तापवला, तर थर परत निकामी होतो. कारण नेमके कळल्याची याहून चोख परीक्षा कोणती?

१९९३ मध्ये नाकामुरांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला आणि २०१४ मध्ये तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळ्या स्फुरकाचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, लेप देऊन घरातले पांढरे दिवे बनतात. ब्लू-रे यंत्रांतला जांभळट लेसरही गॅलियम नायट्राइडच्याच कुळातला आहे.