दवाखान्याच्या औषधखर्चात डॉक्टरांचा हात किती?

इंग्लंडमधील प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याने लिहून दिलेली कोणती औषधे दुकानांतून किती दिली गेली आणि त्यांवर किती पौंड खर्च झाले, याची आकडेवारी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, दरमहा खुली करते. रुग्णांची नावे तीत नसतात, दवाखान्याचे मात्र असते. त्यामुळे जवळपासच्या दोन दवाखान्यांचे आकडे ताडून पाहून एका डॉक्टरला उधळ्या ठरवण्याचा मोह सहज होतो.

पहिली अडचण रुग्णांची. विद्यापीठालगतच्या दवाखान्यात तरुणांची गर्दी असते, तर समुद्रकाठच्या निवृत्तांच्या गावात रक्तदाब, मधुमेह आणि सांधेदुखीच्या रुग्णांची. म्हणून तुलना करताना प्रत्येक रुग्णाला वय आणि लिंगानुसार भारांक दिला जातो, आणि तो औषधांच्या गटागणिक वेगळा असतो. या हिशेबातही गरिबी किंवा हद्दीतला वृद्धाश्रम धरला जात नाही.

डॉक्टरांच्या हातात असलेली मोठी गोष्ट म्हणजे औषध ब्रँडच्या नावाने लिहायचे की मूळ घटकाच्या. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या अ‍ॅटोर्वास्टॅटिनचे पेटंट ब्रिटनमध्ये मे २०१२ मध्ये संपले आणि जेनेरिक गोळ्या येताच किंमत कोसळली. मात्र आज इंग्लंडमधील ८० टक्क्यांहून अधिक औषधे घटकाच्या नावानेच लिहिली जातात, त्यामुळे या वाटेने आणखी फारशी बचत उरलेली नाही.

खरा गोंधळ किमतींचा आहे. अपस्मारावरील फेनिटॉइनच्या कॅप्सूल सप्टेंबर २०१२ मध्ये ब्रँडचे नाव काढून जेनेरिक म्हणून विकल्या जाऊ लागल्या. ब्रँडेड औषधांवरील किंमत-नियंत्रण त्यांना लागू राहिले नाही, आणि १०० मिलिग्रॅमचे पाकीट २.८३ पौंडांवरून ६७.५० पौंडांवर गेले. एनएचएसचा वर्षाचा सुमारे २० लाख पौंडांचा खर्च पुढच्याच वर्षी ५ कोटींच्या घरात पोहोचला. या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर अतिशय कमी असते, म्हणून झटके आटोक्यात असलेल्या रुग्णाला दुसऱ्या उत्पादकाच्या कॅप्सूल देणे धोक्याचे मानले जाते. म्हणजे डॉक्टरांनी लेखणीचा एक शब्दही बदललेला नसताना त्यांच्या नावावरचा खर्च वीस पटींहून अधिक वाढला, आणि पर्यायही नव्हता. स्पर्धा नियामकाने २०१६ मध्ये या कॅप्सूल बनवणारी फायझर आणि विकणारी फ्लिन या कंपन्यांना अवाजवी किमतीबद्दल दंड ठोठावला; पुढे ते प्रकरण वर्षानुवर्षे अपिलांत फिरत राहिले.

याउलट, चांगल्या उपचारानेही खर्च वाढतो. हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या रुग्णाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिनऐवजी अ‍ॅपिक्साबॅन दिले, तर त्याचे स्वस्त जेनेरिक येण्यापूर्वी औषधाचा आकडा फुगत असे. परंतु वॉरफरिनसाठी वारंवार लागणाऱ्या रक्ततपासण्यांचा खर्च या हिशेबात मुळात धरलेलाच नसतो, आणि टळलेल्या पक्षाघाताची बचत रुग्णालयाच्या खात्यात पडते.

म्हणून मला एकूण पौंडांपेक्षा टक्केवारीतली प्रमाणे अधिक बोलकी वाटतात. एकूण प्रतिजैविकांपैकी को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह, सेफॅलोस्पोरिन आणि क्विनोलोन ही व्यापक परिणामाची, म्हणून जपून वापरायची औषधे किती टक्के, हा असाच एक निर्देशांक आहे. बाजारभावाचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही, आणि तो शेजाऱ्यांपेक्षा सतत वर राहिला तर त्या डॉक्टरांना कारण विचारणे रास्त ठरते.