जुन्या पोकलेनचे हायड्रॉलिक्स: पंप उतरवण्याआधी काय तपासावे

आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या एक्स्कॅव्हेटरला पोकलेनच म्हणतात. मूळचे हे एका फ्रेंच कंपनीचे नाव, पण या पत्रकात आम्हीही तोच शब्द वापरला आहे. मशीन दहा-बारा वर्षे जुनी झाली आणि पूर्वीसारखी ओढेनाशी झाली, की बहुतेक मालकांना पहिला सल्ला "पंप गेला" असा मिळतो. पंप खरोखरच झिजलेला असू शकतो. मात्र दाब मोजणारा गेज न लावता केलेले हे निदान आम्हाला मान्य नाही, कारण पंप उतरवणे हा या मशीनवरचा सर्वांत महागडा प्रयोग आहे.

ऑपरेटर जॉयस्टिक हलवतो तेव्हा पंपाचे मुख्य ऑइल जॉयस्टिकमधून जात नाही. एक छोटा गिअर पंप पायलट लाईनमध्ये (फक्त हुकूम पोचवणाऱ्या कमी दाबाच्या लाईनमध्ये) साधारण 35 ते 40 बार इतका दाब तयार करतो. जॉयस्टिक त्यातला हवा तेवढा दाब कंट्रोल व्हॉल्व्हमधल्या स्पूलच्या (ऑइलची वाट उघडणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) टोकाशी पाठवते. स्पूल सरकल्यावरच वीस टनी मशीनमध्ये 300 बारच्या वर जाणारे मुख्य ऑइल सिलिंडरकडे किंवा मोटरकडे जाते. पायलटचा दाब अपुरा असेल तर स्पूल अर्धवट उघडतो आणि पंप ठणठणीत असूनही मशीन मरगळल्यासारखी चालते.

म्हणून मशीनची एकही हालचाल होत नसेल, तर सर्वांत आधी जॉयस्टिकचा दाब तोडणारा सेफ्टी लिव्हर, त्याचा स्विच, फ्यूज आणि सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) तपासावे. सगळ्या हालचाली मंद असतील तर ऑइलची पातळी, सक्शन स्ट्रेनर (पंप ऑइल ओढतो तिथली जाळी) आणि पायलट फिल्टर पाहून पायलट दाब मोजावा, आणि तो ऑइल गार असताना व तापल्यावर असा दोन्ही वेळा मोजावा. लोडवर इंजिनाचे आरपीएम खाली बसत असतील तर डिझेल फिल्टर, इंजिन आणि पंपाची डिलिव्हरी कमी-जास्त करणारे रेग्युलेटर या दिशेने शोध घ्यावा. इंजिनावर ताणच येत नसेल आणि तरीही मशीन हळू चालत असेल, तर पायलट, मुख्य रिलीफ (जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) किंवा पूर्ण डिलिव्हरी न देणारा पंप यांपैकी एक कारण असते.

शेततळ्याच्या कामावरची एक मशीन आमच्याकडे नव्या पंपाचे कोटेशन घेऊनच आली होती. सकाळी तासभर ती उत्तम चाले आणि दुपारी बूम (मशीनचा मोठा हात) उचलताना रेंगाळे. गार ऑइलवर पायलट दाब 38 बार होता, तापल्यावर तो 18 बारवर आला. पायलट रिलीफ उघडला तेव्हा त्याच्या सीटवर तांदळाच्या दाण्याएवढा काळा रबराचा तुकडा अडकलेला मिळाला. एका जुन्या होजचे आतले अस्तर सुटून तो तिथवर आला होता. घट्ट, गार ऑइल त्या फटीतून फारसे निसटत नसे, पातळ झाल्यावर मात्र निसटे. तो होज बदलला, पायलट लाईन धुतली आणि पंपाला हातही लावावा लागला नाही.

एकच हालचाल, आणि तीही एकाच बाजूला मंद असेल, तर अदलाबदल करून पाहावी. समजा, बकेट भरताना ठीक चालते आणि रिकामी करताना अडते. कंट्रोल व्हॉल्व्हवर बकेटच्या स्पूलला दोन टोकांनी येणारे पायलट होज एकमेकांच्या जागी लावावेत. आता लिव्हर उलटा चालेल, त्यामुळे आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये. दोष भरण्याच्या बाजूला सरकला तर तो जॉयस्टिकमध्ये किंवा पायलट लाईनमध्ये आहे. रिकामे करतानाच अडत राहिली तर तो स्पूल, पोर्ट रिलीफ (त्या एकाच हालचालीच्या वाटेवरचा रिलीफ) किंवा त्याच्या पुढे आहे.

उचललेला बूम आपोआप खाली येत असेल तर थेट सील किट मागवू नये. मोकळ्या जागेत बूम उचलून इंजिन बंद करावे, चावी ऑन आणि सेफ्टी लिव्हर मोकळा ठेवून जॉयस्टिक बूम उचलण्याच्या बाजूला द्यावी. घसरण वाढली तर सिलिंडरचे सील गेले आहे, कारण पिस्टनमधून गळणाऱ्या ऑइलला आता टाकीकडे वाट मिळते. घसरण तशीच राहिली तर कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा बूम जागेवर धरून ठेवणाऱ्या होल्डिंग व्हॉल्व्हकडे वळावे. ही तपासणी ज्या मशीनच्या पायलट लाईनमध्ये अ‍ॅक्युम्युलेटर (इंजिन बंद असतानाही थोडा दाब साठवून ठेवणारी बाटली) चालू स्थितीत आहे, तिच्यावरच उपयोगी पडते.

कोणताही होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, लिव्हर चारही बाजूंना फिरवून अडकलेला दाब सोडावा आणि टाकीचे झाकण सावकाश उघडावे. बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. सुईएवढ्या भोकातून निघालेले ऑइल कातडीत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे लागते.

पंप खरोखरच बदलावा लागला, तर नव्या पंपाची केसिंग ऑइलने भरूनच इंजिन सुरू करण्याचा आग्रह धरावा. कोरडा फिरवलेला पंप काही मिनिटांतच खराब होतो.

आम्हाला फोन करताना मशीनचे मॉडेल आणि चाललेले तास, कोणती हालचाल कोणत्या बाजूला अडते, दोष गार असताना येतो की तापल्यावर, आणि शेवटचे ऑइल कोणत्या ग्रेडचे भरले हे ऑपरेटरला विचारून सांगावे. काढलेला जुना फिल्टर फेकून न देता प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा. आमचा फिटर साइटवर आल्यावर सर्वांत आधी तोच कापून पाहतो.