दुसऱ्या फेरीतल्या पोराचं गणित

२०१५ च्या जून महिन्यात ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता. यात संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. बावन्नाव्या पाळीला डॅलस मॅव्हेरिक्सने सतनाम सिंग भमरा हे नाव घेतलं. पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा हा मुलगा एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. आपल्याकडे आनंद झाला, तो साहजिकच होता. पुढची दोन वर्षं सतनाम डॅलसशी संलग्न असलेल्या, खालच्या लीगमधल्या टेक्सस लेजंड्सकडून खेळला. एनबीएच्या नियमित हंगामातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. काही वर्षांनी तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला.

त्याच्या आदल्याच वर्षी, ४१ व्या पाळीला, डेन्व्हर नगेट्सने सर्बियातल्या सोंबोरच्या निकोला योकिचला निवडलं होतं. अंगाने थोराड, पळायला संथ. त्याची निवड झाली तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टॅको बेल या खाद्यसाखळीची जाहिरात चालू होती. या योकिचने २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला त्यांचं पहिलंवहिलं एनबीए विजेतेपद मिळवून दिलं.

निवडीच्या वेळी दोघंही १९ वर्षांचे, दोघंही दुसऱ्या फेरीतले. हातात नुसता पाळीचा आकडा असताना अशा मुलाबद्दल किती आशा धरावी, हा प्रश्न बास्केटबॉलइतकाच संख्याशास्त्राचाही आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. एनबीएत ३० संघ आहेत. आयपीएलच्या लिलावात ज्याच्याकडे पैसे तो बोली वाढवतो. इथे बोली नसते, पाळी असते. मागच्या हंगामात हरलेल्यांना साधारणपणे आधी संधी मिळते. १९८९ पासून फेऱ्या दोनच, म्हणजे सगळे हक्क शाबूत असतील तर ६० नावं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पगार मिळतो आणि पहिल्या दोन वर्षांचा पगार पक्का असतो. दुसऱ्या फेरीत असं काहीही पक्कं नाही. करार मिळेल, न मिळेल. मिळाला तर किती वर्षांचा, ते वाटाघाटीवर.

आता जागा मोजा. प्रत्येक संघात १५ नियमित खेळाडू, म्हणजे सगळ्या लीगमध्ये ४५० नोकऱ्या. दरवर्षी साठेक जण ड्राफ्टमधून येणार, शिवाय निवड न झालेले आणि युरोपातून येणारे वेगळेच. जितके आत येतील, साधारण तितक्यांनाच बाहेर जावं लागणार. त्यातही सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणून संघाकडे एका सामन्यात वाटायला २४० मिनिटंच असतात. बहुतेक प्रशिक्षक ती आठ-दहा जणांत संपवतात. बाराव्या-तेराव्या खेळाडूचं काम सरावात समोरच्या संघाची नक्कल करणं आणि बाकावरून टॉवेल हलवणं एवढंच उरतं. दुसऱ्या फेरीतला नवखा मुलगा बहुधा त्याच्याही मागे उभा असतो.

असं असूनही दुसऱ्या फेरीतल्या ताऱ्यांची यादी चांगली लांब आहे. मानू जिनोबिली, १९९९, ५७ वी पाळी. सॅन अँटोनियोबरोबर चार विजेतेपदं. मार्क गसोल, २००७, ४८ वी. ड्रेमंड ग्रीन, २०१२, ३५ वी. जेलन ब्रन्सन, २०१८, ३३ वी. ही यादी वाचली की वाटतं, पाळीच्या आकड्यात काही अर्थ नाही. नेमकी इथेच गल्लत होते. समजा, दुसऱ्या फेरीतल्या प्रत्येक मुलाची तारा होण्याची शक्यता शंभरात एक आहे. हा आकडा मी फक्त हिशोबासाठी धरलाय. मग एका ड्राफ्टमधल्या ३० मुलांपैकी निदान एक तरी तारा निघण्याची शक्यता २६ टक्के होते, आणि दहा ड्राफ्ट मिळून ३०० मुलं धरली तर ९५ टक्के. ‘कुणीतरी चमकेल’ हे जवळजवळ निश्चित आणि ‘हाच चमकेल’ हे जवळजवळ अशक्य, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असतात. वर्तमानपत्रांत पहिलं छापून येतं. मुलाच्या घरच्यांना दुसऱ्यात राहावं लागतं.

डेन्व्हरलाही या हिशोबातून सूट नाही. योकिचला हेरलं म्हणून त्यांच्या पारखी नजरेचं आज फार कौतुक होतं. पण त्याच रात्री योकिचच्या आधी, सोळाव्या पाळीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, त्यांनी स्वतःकडे घेतला होता: बोस्नियाचा युसुफ नुर्किच. योकिच काय होणार हे डेन्व्हरला खरोखर ठाऊक असतं, तर त्यांनी ४१ व्या पाळीपर्यंत वाट पाहिली असती का? आधीची पाळी हातात असलेल्या प्रत्येक संघाला त्याला घेण्याची संधी होती, डेन्व्हरला तर एकाहून जास्त वेळा. मला विचाराल तर त्यांची खरी हुशारी निवडीत कमी आणि नंतरच्या वागण्यात जास्त दिसते. त्याकडे येतोच.

निवड करणारे एवढे चुकतात कसे? शिकागोला दरवर्षी ड्राफ्टआधी मोजमापांचा मेळावा भरतो. उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्या जागेवरून उडी, धावण्याचा वेग, सगळं मोजलं जातं. यातली काही मापं कामाची आहेत. लांब हात बचावात खरंच उपयोगी पडतात. पण २००७ च्या मेळाव्यात केव्हिन ड्युरँटला १८५ पौंडांचं वजन छातीवरून एकदाही उचलता आलं नव्हतं. तो तरी दुसऱ्या पाळीला निवडला गेला, कारण त्याचा खेळ सगळ्यांनी पाहिला होता. बेलग्रेडच्या एका छोट्या क्लबातल्या मुलाला, म्हणजे योकिचला, मोकळा साथीदार दिसायच्या आधीच कळतो, हे मोजणारी फूटपट्टी कुणाकडेच नव्हती.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातलं प्रत्येक शीत एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेलं असतं. बास्केटबॉलमधला प्रत्येक शॉट वेगळा आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा. एनबीएत थ्री-पॉइंटर, म्हणजे दुरून मारलेला तीन गुणांचा शॉट, आत जाण्याचं सर्वसाधारण प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास असतं. ४० टक्क्यांवाला उत्तम नेमबाज मानला जातो. फरक जेमतेम चार टक्क्यांचा. आता खरी क्षमता ३६ टक्के असलेल्या नवख्याने वर्षभरात ५० थ्री-पॉइंटर मारले, तर निव्वळ योगायोगाने त्याचा आकडा २३ पासून ४९ टक्क्यांपर्यंत कुठेही दिसू शकतो. तोच खेळाडू ७५० शॉट मारेल तेव्हा हा पट्टा ३३ ते ३९ वर येतो. ज्याला मिनिटंच मिळत नाहीत, त्याचे ७५० शॉट व्हायला किती वर्षं लागतील? तोवर तो संघात असेल का?

संघांचे विश्लेषक यावर एक साधा उपाय वापरतात. मुलाने ५० पैकी २२ मारले, म्हणजे ४४ टक्के. या आकड्यावर विश्वास टाकण्याआधी त्याच्या खात्यात काल्पनिक २५० सरासरी शॉट घालायचे, त्यातले ३६ टक्के, म्हणजे ९० आत गेले असं धरायचं. आता ३०० पैकी ११२. चव्वेचाळीसचे सदतीस झाले. हा अंदाज निरस असतो, पण बहुतेक वेळा तोच भविष्याच्या जास्त जवळ जातो. संभाव्यतेच्या गणितातल्या बेजच्या सूत्रामागचा विचार हाच: पुरावा थोडा असेल तर आधीच्या माहितीला जास्त वजन द्या, पुरावा वाढेल तसं ते कमी करा. म्हणूनच एखादा कॉलेजमध्ये फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट, कसे मारायचा हेही पाहिलं जातं. तिथे अंतर ठरलेलं, समोर बचाव करणारा कुणी नाही, त्यामुळे हाताची मूळ सवय त्यात स्वच्छ दिसते.

खरी मेख मात्र ‘आधीची माहिती’ या शब्दांत आहे. १९९५ मध्ये बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी १९८० ते १९८६ च्या ड्राफ्टमधल्या खेळाडूंच्या कारकिर्दी तपासल्या. कुणाला किती मिनिटं मिळाली, कोण किती वर्षं टिकलं, कुणाला दुसऱ्या संघाकडे धाडलं. गुण, रिबाउंड, ब्लॉक, असिस्ट, स्टील, दुखापती हे सगळं हिशोबात धरूनही एक गोष्ट उरली: ज्याची पाळी आधीची होती त्याला, तेवढ्याच कामगिरीला, जास्त मिनिटं मिळत होती आणि त्याची कारकीर्द जास्त लांबत होती. त्यांच्या मते हा बुडालेल्या पैशाचा मोह. ज्याच्यावर आधीची, मोलाची पाळी खर्च केली, त्याला बाकावर बसवणं म्हणजे आपली चूक चारचौघांत कबूल करणं. शंका रास्त होती की ड्राफ्टच्या वेळी संघांना आकड्यांत न दिसणारं काही कळलेलं असेल. म्हणून १९९९ मध्ये कॉलिन कॅमेरर आणि रॉबर्टो वेबर यांनी तीही शक्यता धरून पुन्हा गणित मांडलं. परिणाम लहान झाला, पण गेला नाही.

याचा अर्थ, पाळीचा आकडा हे भाकीत तर आहेच, पण ते स्वतःला खरं करण्यातही हातभार लावतं. पाचव्या पाळीच्या मुलाला चुका करायला दोन वर्षं मिळतात, पन्नासाव्या पाळीच्या मुलाला दोन आठवडे. पहिल्याचा नमुना मोठा होतो आणि त्याची खरी क्षमता समोर येते. दुसऱ्याचा नमुना लहानच राहतो, आणि लहान नमुन्यावर जुनं मत बदलत नाही. मग आपण म्हणतो, बघा, पन्नासावा तो पन्नासावाच निघाला.

म्हणूनच दुसऱ्या फेरीतल्या यशस्वी खेळाडूंच्या कथा नीट वाचल्या तर बहुतेकांत दार उघडल्याचा एक क्षण सापडतो, आणि तो पुष्कळदा कौशल्याबाहेरचा असतो. २०१४-१५ चा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर गोल्डन स्टेटच्या डेव्हिड ली या महागड्या खेळाडूच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीन उतरला. तो पुन्हा बाकावर गेला नाही. २०१५ च्या जूनमध्ये अंतिम फेरीत, सहा फूट सहा इंचांच्या याच ग्रीनला सेंटरच्या जागी उभं करून गोल्डन स्टेटने क्लीव्हलंडला हरवलं. त्याच महिन्यात सतनामची निवड झाली, हे लक्षात घ्या. लीग वेगाकडे आणि दुरून मारलेल्या शॉटकडे वळत होती; बास्केटखाली ठाण मांडणाऱ्या धिप्पाड माणसाची किंमत उतरत होती. सतनाममध्ये उणिवा होत्याच, पण वाऱ्याची दिशाही त्याच्या विरुद्ध होती.

डॅनी ग्रीनचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं, कारण तो महान नव्हता. २००९, ४६ वी पाळी, क्लीव्हलंड. वर्षभरात नारळ. सॅन अँटोनियोने घेतलं, काही दिवसांत सोडलं, पुन्हा बोलावलं. त्याने दोनच गोष्टी शिकल्या: कोपऱ्यात उभं राहून थ्री-पॉइंटर मारणं आणि समोरच्याला सुखाने खेळू न देणं. २०१३ च्या अंतिम मालिकेत त्याने २७ थ्री-पॉइंटर मारले, तो तेव्हाचा विक्रम होता. पुढे तीन वेगवेगळ्या संघांबरोबर तीन विजेतेपदं. संघात चेंडू हातात हवा असलेले दोन-तीन तारे आधीच असतात. चेंडू न मागता उपयोगी पडणारा मुलगा त्यांच्या शेजारी मावतो.

याउलट आयझाया थॉमस. २०११ ची साठावी, म्हणजे अगदी शेवटची पाळी, उंची पाच फूट नऊ इंच. सॅक्रमेंटोसाठी तिसऱ्या हंगामात त्याने सामन्यामागे वीसहून जास्त गुण केले, तरी २०१४ मध्ये संघाने त्याला फिनिक्सकडे जाऊ दिलं. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे तेव्हा या संघाचे मालक होते. २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून खेळताना त्याची सरासरी २८.९ गेली. तीन वर्षांचा भरभक्कम पुरावा असूनही ‘साठावा’ आणि ‘बुटका’ ही दोन लेबलं निघाली नव्हती.

मग संघाने दुसऱ्या फेरीत कुणाला घ्यावं? बावीस-तेवीस वर्षांचा, कॉलेजची चारही वर्षं खेळलेला मुलगा तयार असतो. २०१६ चा ३६ वा माल्कम ब्रॉग्डन तसा होता आणि त्याने थेट वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा किताब नेला. पण गणित कच्च्या मुलाकडेही बोट दाखवतं. पैसे पक्के नसतील, तर फसलेल्या निवडीचा तोटा नगण्य असतो आणि लागलेल्या निवडीचा फायदा प्रचंड. तोट्याला मर्यादा आणि फायद्याला नाही, अशा सौद्यात अनिश्चितता जितकी जास्त तितकं बरं. या नजरेने पाहिलं तर डॅलसची सतनामची निवड आणि डेन्व्हरची योकिचची निवड एकाच जातीच्या होत्या. एक लागली, एक नाही.

डेन्व्हरने मात्र घाई केली नाही. योकिचला आणखी एक हंगाम सर्बियातल्या मेगा क्लबातच ठेवलं. तिथे त्याला भरपूर मिनिटं मिळाली आणि डेन्व्हरचा पगारही खर्च झाला नाही. २०१५ मध्ये त्याला बोलावलं. १५ डिसेंबर २०१६ ला प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी सोळाव्या पाळीच्या नुर्किचला बाकावर बसवून ४१ व्या पाळीच्या योकिचला सुरुवातीच्या पाचांत कायमचं उभं केलं. दोन महिन्यांनी नुर्किच पोर्टलंडला गेला. जास्त मोलाची पाळी खर्चून घेतलेला माणूस त्यांनी सोडला.

आजच्या नवख्यांसाठी मधली एक पायरी तयार झाली आहे. २०१७-१८ पासून दुहेरी करार आले: मुलगा जी-लीग या एनबीएच्या खालच्या लीगमध्ये खेळतो आणि हंगामातल्या ८२ पैकी जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी एनबीए संघाच्या यादीत असू शकतो. २०२३ पासून प्रत्येक संघाला असे तीन करार करता येतात. पगार थोडा, पण शॉट मिळतात, म्हणजेच नमुना वाढतो.

तेव्हा जुलैत लास व्हेगसच्या समर लीगमध्ये आवडत्या संघाच्या दुसऱ्या फेरीतल्या पोराने एका रात्री तीस गुण केले, तर टाळ्या वाजवा, पण तो आकडा सरासरीकडे ओढूनच वाचा. त्यापेक्षा करार कसला झालाय ते बघा, त्याच्या जागेवर आधी कितीजण बसलेत ते मोजा, आणि चेंडू हातात नसताना तो काय करतो त्यावर नजर ठेवा.