न्यूझीलंडमध्ये कौन्सिलने कन्सेंट किंवा सीसीसी नाकारलं तर काय करायचं? डिटर्मिनेशनच्या अर्जाची माहिती

ऑकलंडमध्ये घर घेतलेले किंवा घराला खोली वाढवायला काढलेले आपले लोक भेटले की एक प्रश्न हमखास निघतो, कौन्सिल नाही म्हणतेय, आता वकील करावा का. बहुतेक वेळा लगेच गरज नसते. बिल्डिंग ॲक्ट २००४ मध्येच यासाठी एक सोय आहे, तिला डिटर्मिनेशन म्हणतात, म्हणजे बांधकामाचं काम बघणारं जे सरकारी खातं आहे, एमबीआयई, त्यांच्याकडे अर्ज करायचा आणि ते दोन्ही बाजूंचं ऐकून लेखी निकाल देतात, जो कौन्सिलवर पण बंधनकारक असतो आणि तुमच्यावर पण.

आता निकाल कशावर मिळतो हे नीट समजून घ्या, कारण निम्मे अर्ज इथेच चुकीच्या दिशेने जातात असं मला मनापासून वाटतं. विचारता येतं ते साधारण दोनच गोष्टींबद्दल. एक, अमुक काम बिल्डिंग कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांप्रमाणे, आहे की नाही. दोन, कौन्सिलने तिचा जो अधिकार वापरला किंवा वापरायला नकार दिला तो बरोबर होता का, म्हणजे कन्सेंट (बांधकामाची परवानगी) नाकारला, कोड कंप्लायन्स सर्टिफिकेट म्हणजे सीसीसी (काम नियमाप्रमाणे पुरं झाल्याचा दाखला) दिलं नाही, नोटीस टू फिक्स (चूक दुरुस्त करा अशी नोटीस) पाठवली, विनापरवाना जुन्या कामाला सर्टिफिकेट ऑफ ॲक्सेप्टन्स दिलं नाही, असं सगळं. बिल्डरने पैसे जास्त घेतले, टाइल्स वाकड्या लावल्या, नुकसानभरपाई पाहिजे, रिसोर्स कन्सेंट (जमिनीच्या वापराची वेगळी परवानगी) अडकलाय, यातलं काहीही इथे चालत नाही. पैशाच्या भांडणाला डिस्प्यूट्स ट्रिब्युनल किंवा कोर्ट, आणि लायसन्स असलेल्या बिल्डरच्या कामाबद्दल तक्रार असेल तर बिल्डिंग प्रॅक्टिशनर्स बोर्ड.

अर्ज कोण करू शकतं? घराचा मालक, कौन्सिल स्वतः, आणि ज्या कामावर वाद आहे ते करणारा लायसन्स्ड बिल्डिंग प्रॅक्टिशनर. शेजारी पण करू शकतो, पण तो त्याच्या प्रॉपर्टीचा मालक असायला हवा आणि मुद्दा त्याच्या प्रॉपर्टीच्या संरक्षणाचा पाहिजे, जसं आगीपासून किंवा तुमच्याकडून वाहत येणाऱ्या पावसाच्या पाण्यापासून. तुमच्या नवीन मजल्यामुळे त्याचा व्ह्यू गेला एवढ्यावर नाही होत.

अर्जाच्या आधी एक काम नक्की करा, कौन्सिलकडून नकाराची कारणं लेखी घ्या. हा तुमचा हक्क आहे, कन्सेंट किंवा सीसीसी नाकारलं तर कारणं लेखी द्यावीच लागतात. इन्स्पेक्टर साइटवर तोंडी म्हणाला ते धरून चालू नका. प्रत्येक कारणासमोर कोडचं कुठलं कलम आहे ते विचारा, ई२ म्हणजे बाहेरचं पाणी, बी१ म्हणजे स्ट्रक्चर, एफ४ म्हणजे पडण्यापासून सुरक्षा. ॲक्सेप्टेबल सोल्युशनमध्ये, म्हणजे एमबीआयईच्या मार्गदर्शक पुस्तिकेत, छापलेली पद्धत ही कोड पाळण्याची एक पद्धत असते, एकमेव नाही, त्यामुळे "छापल्याप्रमाणे केलेलं नाही" एवढ्यावर नकार पुरेसा नाही, मात्र वेगळी पद्धत वापरली असेल तर ती चालते हा पुरावा तुम्हीच द्यायचा असतो.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो जुन्या कन्सेंटचा. घर घेतल्यावर कळतं की मागच्या मालकाने १९९८ मध्ये कन्सेंट काढून मागे खोली वाढवली आणि सीसीसी कधी घेतलंच नाही, आपल्याकडे ओसी नसलेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्यावा तसंच. आता मागायला गेलं की कौन्सिल म्हणते बी२ बसत नाही. बी२ म्हणजे टिकाऊपणा, आणि त्यात मुदती आहेत, मुख्य स्ट्रक्चर किमान ५० वर्षं, क्लॅडिंगसारख्या (भिंतीचं बाहेरचं आवरण) गोष्टी १५, आणि सहज बदलता येतं ते ५, आणि ही वर्षं मोजायची सीसीसी दिल्याच्या तारखेपासून, म्हणजे पंचवीस वर्षं ऊनपाऊस खाल्लेलं क्लॅडिंग आजपासून पुढे अजून १५ वर्षं टिकेल असं कोण लिहून देणार! यावर मार्ग आहे आणि बऱ्याच डिटर्मिनेशनमध्ये तो वापरलाय. काम प्रत्यक्षात जेव्हा पुरं झालं त्या तारखेपासून वर्षं मोजावीत म्हणून बी२ मध्ये मॉडिफिकेशन मागायचं, ते कौन्सिल स्वतःच देऊ शकते. शिवाय २००४ च्या कायद्याआधीचा कन्सेंट असेल तर काम त्या वेळच्या कोडप्रमाणे तपासतात, आजच्या नाही. पण भिंतीत पाणी शिरत असेल तर यातलं काही कामाला येत नाही. १९९० च्या दशकातल्या आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या लीकी होम्सनी, म्हणजे भिंतीत पाणी शिरून कुजलेल्या घरांनी, हजारो कुटुंबांचं आयुष्य पोखरलं, तेव्हा त्या काळातल्या प्लास्टर क्लॅडिंगबद्दल कौन्सिल पुरावा मागते ते योग्यच आहे, आधी चांगल्या बिल्डिंग सर्व्हेयरकडून ओलावा तपासून घ्या.

कागदपत्रं: अर्जाचा फॉर्म आणि फी (आजची रक्कम एमबीआयईच्या साइटवर बघून घ्या), कौन्सिलचं नकाराचं पत्र किंवा नोटीस, कन्सेंट आणि शिक्क्याचे प्लॅन, स्पेसिफिकेशन्स, इन्स्पेक्शनच्या नोंदी, इंजिनिअरची प्रोड्युसर स्टेटमेंट्स (डिझाइन किंवा काम कोडप्रमाणे असल्याची लेखी पत्रं), तारखेसह फोटो, एक्स्पर्टचा रिपोर्ट असेल तर तो, आणि कौन्सिलशी झालेले सगळे ईमेल तारखेप्रमाणे लावून. जुन्या प्रॉपर्टीची फाइल कौन्सिलकडे मागितली की मिळते, ती सगळ्यात आधी मागवा. अर्जात प्रश्न एका वाक्यात लिहा, "कौन्सिलने अमुक तारखेला सीसीसी नाकारलं ते बरोबर होतं का". तीन पानं आपली कैफियत लिहिली तर मुद्दा त्यातच बुडतो.

अर्ज घेतला की बाकीच्या पार्टींना कळवतात, त्यांचं म्हणणं मागवतात, गरज लागली तर स्वतःचा एक्स्पर्ट साइटवर पाठवतात. कायद्यात ६० वर्किंग डेज दिलेत पण संमतीने मुदत वाढते, गुंतागुंतीच्या केसला बराच जास्त वेळ जातो, त्यामुळे घर विकायला काढलं असेल तर हा वेळ धरूनच पुढचं ठरवा. दरम्यान ज्या निर्णयावर वाद आहे तो सहसा स्थगित राहतो, चालू ठेवा असं एमबीआयईने सांगितलं तरच चालू. शेवटी निर्णय कायम करतात, उलटवतात किंवा बदलतात. उलटवला म्हणजे सीसीसी हातात पडलं असं नसतं हां, बऱ्याचदा कौन्सिलला पुन्हा नीट निर्णय घ्यावा लागतो.

निकाल एमबीआयईच्या साइटवर छापतात, जुने सगळे फुकट वाचता येतात. फी भरण्याआधी तुमच्यासारख्या दोन-तीन केसेस शोधून वाचा, मी तर म्हणेन त्या कौन्सिलला पण दाखवा, कधीकधी तिथेच विषय मिटतो. निकाल मान्य नसेल तर डिस्ट्रिक्ट कोर्टात अपील, आणि त्याला फक्त १५ वर्किंग डेज असतात, त्यामुळे निकालाचा ईमेल आला त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.