ओल्ड रॅगला निघण्याआधी एवढं वाचून घ्या

ओल्ड रॅग या अमेरिकेतल्या डोंगराची उंची जेमतेम १,००० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. हा हिशेब करून बुकिंग करणारे आमच्याकडे बरेच येतात आणि पहिल्या मोठ्या खडकापाशी त्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे, इथून वर?" हो, इथूनच. आणि शिडी, रेलिंग असलं काही नाही.

हा डोंगर व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात, मुख्य रांगेपासून जरा सुटा उभा आहे. त्यामुळे पहिली सूचना गाडीची. स्कायलाइन ड्राइव्हवरून, म्हणजे मुख्य रांगेच्या माथ्यावरून जाणाऱ्या उद्यानातल्या रस्त्यावरून, गाडीने पायथ्याला पोचता येत नाही. पार्किंग खाली, उद्यानाच्या पूर्वेच्या हद्दीवर आहे. आम्ही पाठवलेलं लोकेशनच लावा. नुसतं उद्यानाचं नाव टाकून वरच्या रस्त्यावर पोचलेल्यांचे सकाळी सातला फोन येतात, तेव्हा बाकीचा ग्रुप खाली ताटकळत असतो.

तिकीट

१ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात ओल्ड रॅगसाठी दिवसाचं वेगळं तिकीट लागतं. माणशी २ डॉलर, दिवसाला ८०० तिकिटं. ही पद्धत २०२२ पासून आहे. उद्यानाचं प्रवेशशुल्क किंवा वार्षिक पास असला तरी हे तिकीट वेगळं काढावंच लागतं. ते ऑनलाइन आधीच काढायचं, पार्किंगमध्ये मिळत नाही. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा शनिवार-रविवारची तिकिटं भराभर संपतात, म्हणून तारीख ठरली की आधी तिकीट आणि मग आम्हाला मेसेज. तिकिटाचा स्क्रीनशॉट घरूनच काढून आणा. पायथ्याशी रेंजचा भरवसा नाही. कुत्र्यांना या वाटांवर बंदी आहे, तेव्हा त्याची सोय घरी करून या.

वाट कशी आहे

पूर्ण फेरी साधारण साडेनऊ मैलांची, म्हणजे १५ किलोमीटर. चढ अंदाजे २,५०० फूट. आम्ही सात ते आठ तास धरतो. रिज ट्रेलने चढायचं, सॅडल ट्रेलने उतरायचं. उलट दिशेने आम्ही नेत नाही: खडकांवरून उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं आणि समोरून येणाऱ्या गर्दीशी अरुंद फटीत गाठ पडते.

सुरुवातीची चढण झाडीतली, वळणावळणाची. दम काढते, एवढंच. झाडी संपून पहिला उघडा कडा लागला की खरा ओल्ड रॅग सुरू होतो. पुढचा जवळजवळ मैलभर भाग हातापायांनी चढायचा. एके ठिकाणी खडकावर बसून फटीत खाली घसरायचं, एके ठिकाणी पाठ एका भिंतीला आणि पाय समोरच्या भिंतीला टेकवून वर सरकायचं. निळे पट्टे आणि बाण रंगवलेले आहेत. पट्टा दिसेनासा झाला तर पुढे जाऊ नका, मागे वळून शेवटचा पट्टा शोधा. आणि हो, "आलंच की शिखर" असं दोन-तीनदा वाटेल. ते शिखर नसतं.

यातली एक जागा आम्हाला फार आवडते. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या सरळ भिंती, वर अडकलेला एक धोंडा आणि मधून चक्क दगडी जिना. तो कुणी बांधलेला नाही. ग्रॅनाइट १०० कोटी वर्षांहून जुना. त्याला तडे गेले आणि सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वी त्यांतून लाव्हा वर आला. तडा भरून थिजलेला तो बसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजला आणि त्याच्या आडव्या खांबांच्या पायऱ्या झाल्या. सह्याद्रीचा काळा पाषाणही बसाल्टच, फक्त वयाने बराच धाकटा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा.

कुणी येऊ नये

उघड्यावर उंचीची भीती वाटत असेल, खांदा किंवा गुडघा दुखरा असेल, तर ही वाट टाळा. कमी उंचीच्या मुलांचे हात बऱ्याच ठिकाणी पोचत नाहीत. भारतातून आलेल्या आई-बाबांना शिखर दाखवायचं असेल तर बेरी हॉलो या दुसऱ्या पायथ्याकडून सॅडल ट्रेलने जा. शिखर तेच, पण हाताने चढायचे खडक नाहीत. तिकीट तिथेही लागतं.

खडक सुरू होण्याआधी आमचा लीडर प्रत्येकाला एकेकट्याला विचारतो. तिथून परत फिरणं सोपं आहे, अर्ध्यातून नाही. "सगळे चाललेत म्हणून" हे उत्तर आम्ही 'नाही' असंच धरतो.

सोबत काय

माणशी तीन लिटर पाणी. वर पाणी नाही. वापरून सैल झालेले, रबरी पकडीचे बूट. सॅक लहान आणि पाठीला चिकटून बसणारी हवी. बाटली बाहेरच्या खिशात ठेवू नका. मागच्या ट्रिपला एका काकांची स्टीलची बाटली फटीत पडली आणि खालपर्यंत ठणठण वाजत गेली. खाली कुणी नव्हतं हे नशीब. काठ्या घडीच्याच आणा, खडकांवर दोन्ही हात मोकळे लागतात. संत्र्याची सालंसुद्धा सॅकमधून परत आणायची.

पाऊस असेल तर ट्रिप रद्द. कोरड्या ग्रॅनाइटवर बूट छान धरतो, पण हजारो लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या जागा ओल्या झाल्या की साबण. वीज कडाडत असताना उघड्या माथ्यावर थांबणं तर नकोच. अशा वेळी आमची फी पुढच्या तारखेला वळती करतो. उद्यानाचं तिकीट मात्र परत होत नाही.

उतरताना सॅडल ट्रेलनंतर वीकली हॉलोचा रुंद कच्चा रस्ता लागतो. सोपा, पण लांब, संपता संपत नाही. पाय दमलेले असतात, लक्ष गप्पांत असतं, आणि घोटे मुरगळतात ते बहुतेक इथेच. गाडीत चपलांचा एक जोड ठेवा.